शेंगांची परीक्षा

डॉक्टरसाहेब, म्हाताऱ्या माणसाला त्याच्याच परसात परीक्षेला बसवलंत तुम्ही. मान वर न करता फर्मावलंत, "यांना विसरभोळ्या वृद्धांच्या संस्थेत ठेवा. नाहीतर घरी एखादं काम पहिल्यापासून शेवटापर्यंत स्वतः करून दाखवू देत, मग बघू."

म्हाताऱ्याने जन्मभर शिंपीकाम केलेलं. त्याने भुईमूग लावला. गॅस चालू ठेवून विसरणारा हा माणूस वाफ्याची निंदणी एकदाही विसरला नाही. पिवळी फुलं आली तेव्हा बुंध्यांना मातीची भर दिली. बायकोला हात लावू दिला नाही.

आज काढणी. थोरली मुलगी बघायला आली होती. संस्थेत तिने जागा धरून ठेवली होती. पीक निघालं नाही तर उद्या बापाला पोचवायचं होतं.

शिंप्याने पहिलं झाड उपटलं. एकही शेंग नाही. दुसरं उपटलं, तेही मोकळं. मग त्याने खुरप्याने माती उकरली, तर आत शेंगाच शेंगा! टोपली भरत आली.

"बाबा, जिंकलात की!" मुलगी म्हणाली. बायको मात्र दारातच खिळल्यासारखी उभी.

शिंप्याने एक शेंग फोडली. दाणा तोंडात टाकला आणि चावता चावता थांबला. आणखी एक फोडली.

"अगं, या भाजलेल्या आहेत."

"काहीतरीच काय, बाबा!" मुलीने एक दाणा चावला आणि उरलेली शेंग नाकाशी धरली.

जमिनीतून भाजलेल्या शेंगा. शिंपी वाफ्याकडे बघत राहिला, मग स्वतःच्या हातांकडे. आपणच भाजून पुरल्या की काय? कधी? आणि कशासाठी? त्याला काही आठवेना. आठवत नाही म्हणजे आपणच केलं असणार. त्याने खुरपं खाली ठेवलं.

"माझी बॅग भरा," तो म्हणाला. "डॉक्टर खरं बोलत होते. माझं काही खरं नाही आता."

बायकोने बोललं तर पीक नापास, न बोललं तर नवरा. ती तशीच अनवाणी वाफ्यात धावली.

"अहो, मी पुरल्या त्या! घुशींनी सगळ्या शेंगा फस्त केल्या, काल बघितलं मी. तुम्ही दुपारी झोपलात तेव्हा बाजारातून आणल्या. घाईघाईत कुठल्या ढिगातल्या घेतल्या, देव जाणे! जळ्ळं माझं लक्ष!"

मुलगी कधी आईकडे बघे, कधी बापाकडे. तिने टोपली उचलून हातात धरली.

शिंप्याने गुडघ्यावरची माती झटकली. मुलीच्या हातातली शेंगांची टोपली काढून घेतली.

"भाजलेल्या शेंगा मातीत घालणारी ही. दाताखाली येताच ओळखणारा मी. आता बोल, संस्थेत कुणाला पोचवतेस?"