बोळा

उंबरठा ओलांडताच हीटरवाल्याच्या कमरेचं छोटं यंत्र किंचाळू लागलं.

सून हातातला कागद सावरून उभी होती. आधीचे दोन कारागीर गोड बोलून नवा हीटर गळ्यात मारायला निघाले होते, म्हणून या तिसऱ्याला काम देण्याआधी विचारायचे नऊ प्रश्न नवऱ्याने लिहून दिले होते. ताकही फुंकून पिणारा माणूस तो. "किती वर्षं हे काम करता?" तिने पहिला प्रश्न वाचला.

यंत्रावरचा आकडा पाहून हीटरवाल्याचा चेहराच उतरला. त्याने तडक जाऊन भिंतीतला गॅसचा हीटर बंद केला.

"ताई, घरात कोणाचं डोकं दुखतंय?"

"माझं, सकाळपासून. पण त्याचं काय?"

"आणखी कोण आहे?"

"सासरे आहेत, आत झोपलेत." सवयीने तिचा आवाज खाली आला. "कितीतरी दिवसांनी इतकी गाढ झोप लागलीय. उठवू नका हं."

"खिडक्या उघडा! सगळ्या!" तो आत धावलाच. "हीटरचा विषारी वायू साचलाय. त्याला वास नसतो. धूर बाहेर नेणारी नळी कुठे निघते?"

तिने मागच्या भिंतीकडे बोट केलं. कालच मागच्या अंगाला स्टुलावर चढून तिने त्या नळीच्या तोंडात जुन्या स्वेटरची बाही कोंबली होती. नळीतून उलटा वारा शिरून सासऱ्यांच्या पायांना झोंबायचा, आणि म्हाताऱ्याची कुरकुर दिवसभर थांबायची नाही. बोळा घट्ट बसला तेव्हा तिला स्वतःचंच कौतुक वाटलं होतं.

"मी बोळा घातलाय त्यात," ती कशीबशी म्हणाली. "मीच घातलाय."

"ते नंतर. पाय धरा आधी."

चादरीसकट उचलून दोघांनी म्हाताऱ्याला अंगणातल्या फरशीवर आणून ठेवलं. हीटरवाला फोनवर ओरडून अँब्युलन्सला पत्ता सांगू लागला. सासऱ्यांचे एरवीचे फिकट गाल लहान मुलासारखे गुलाबी दिसत होते, आणि त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. ज्यांच्यासमोर तिने कधी आवाज चढवला नव्हता, त्यांचे खांदे धरून ती गदागदा हलवू लागली. "बाबा! अहो बाबा, उठा ना!"

मान एकीकडे कलली. नऊ प्रश्नांचा कागद वाऱ्याने कुंपणाशी जाऊन अडकला.

मग पापणी हलली. ओठ हलले. तिने कान तोंडाशी नेला.

"सूनबाई," ते पुटपुटले, "दार लाव गं. वारा येतोय."

वर नुसतं आभाळ होतं.

"हो बाबा, लावते," ती म्हणाली, आणि त्यांचे पाय मांडीवर घेऊन त्या झोंबऱ्या वाऱ्यात तशीच बसून राहिली.