पत्ता बंद

"काका, घंटा कपाटावर कुणी ठेवली?" काकूंना सांभाळणाऱ्या बाईंनी पर्स खांद्याला अडकवत विचारलं.

घड्याळजींनीच ठेवली होती. दिवसातून वीस वेळा वाजायची. झटका आल्यापासून बायकोची वाचा गेली, उजवं अंग गेलं. राहिला तो डावा हात, आणि तो सारखा घंटेवर.

"कामं असतात मला," संगणकावरची नजर न हलवता ते म्हणाले.

"बघते ना मी. त्या फोरमवर कुणी दोन शब्द लिहिले की लगेच धावता. म्हटलं काकूंना, नवरा हवा असेल तर बिघडलेलं घड्याळ व्हा! हसल्या बिचाऱ्या. मग आपल्या बसल्या फोनवर अंगठ्यानं गिरवत. आतल्या खोलीत खिडकीशी बसवलंय त्यांना. अर्ध्या तासात उचलून आडवं करा, खुर्चीत फार वेळ तोल राहत नाही. आणि ती घंटा द्या."

"देतो, देतो."

बाई गेल्या. घड्याळजींनी हेडफोन कानांवर चढवले. कुठल्या कुठल्या गावांहून लोक आपल्या जुन्या घड्याळांची टिकटिक रेकॉर्ड करून फोरमवर टाकत. ती नुसती ऐकून ते सांगत, चाल लंगडते आहे, घड्याळ एका अंगाला कललंय, जरा सरळ करा. घड्याळदुरुस्तीचं दुकान कायमचं बंद झाल्यावर ज्या माणसाला कुत्रं विचारत नव्हतं, त्याला इथे शेकडो सभासद कोतवाल म्हणत. कारण फुकट्या जाहिरातवाल्यांना, स्पॅमवाल्यांना त्यांनी चार वर्षांत उंबरठा ओलांडू दिला नव्हता. नव्या माणसाला आधी त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागे: घड्याळाला किल्ली कधी द्यावी? आणि ज्याला हाकललं त्याच्या पडद्यावर एक वाक्य उमटे. ते घड्याळजींनी दोन दिवस घासून-पुसून लिहिलं होतं. सभासदांनी त्याचं फार कौतुक केलं होतं.

साडेअकराला एक नवं खातं आलं. नाव म्हणजे नुसता अक्षरांचा गुंता. काही मिनिटांत सात चर्चांमध्ये एकच मजकूर: "आहात का?"

ही जुनीच चाल. स्पॅमवाल्यांची यंत्रं आधी दोन शब्द टाकून घर जागं आहे का बघतात, मग माल विकायला बसतात. घड्याळजींनी खातं पुसलं.

थोड्या वेळानं तसलंच दुसरं. "जरा या." नऊ ठिकाणी. तेही पुसलं.

पण यंत्राला प्रश्नाचं उत्तर आलं कसं? त्यांनी नोंद उघडून पाहिली. लिहिलं होतं, "सकाळी, दात घासायच्या आधी."

घड्याळजी चमकले. हे तर त्यांचेच शब्द. चाळीस वर्षं ते हेच सांगत आले होते. "माझ्याच कुठल्यातरी जुन्या लेखातून उचललं, चोर लेकाचे!" ते पुटपुटले आणि मनातून जरा सुखावलेही.

मग बराच वेळ काही आलं नाही. बारा वाजून गेल्यावर तिसरं खातं उगवलं. या वेळी एकाच ठिकाणी, एकच शब्द: "पडले."

"पडलास?" घड्याळजी हसले. "थांब, आता कायमचाच पाडतो तुला."

खाती पुसून भागत नव्हतं. जालीम उपाय एकच होता. जिथून हे येतंय तो इंटरनेटचा पत्ताच बंद करायचा. मग त्या घरातल्या कुणालाच फोरममध्ये पाऊल टाकता येत नाही. सुक्याबरोबर ओलंही जळतं, म्हणून त्यांनी तो कधी वापरला नव्हता. आज वापरला.

"या पत्त्यावरचे सगळे सभासद बाहेर जातील. नक्की?" संगणकानं विचारलं. खाली त्या सभासदांची यादीही दिली होती. न वाचताच त्यांनी 'हो' दाबलं.

हेडफोनमधली टिकटिक थांबली. पडदा पांढरा झाला. घड्याळजींनी आपलं नाव पुन्हा घातलं. पुन्हा एकदा घातलं. मग पडद्याच्या मधोमध त्यांचंच ते वाक्य उमटलं. ते या घरात वाचलं जाण्याची आजची ही चौथी वेळ होती.

"आपण माणूस नाही, हे आमच्या ध्यानात आलं आहे. कृपया पुन्हा दार वाजवू नये."