शेडकार्डाबाहेरचा रंग

पडदा पुन्हा ओढलेला. सकाळपासून तिसऱ्यांदा.

"अगं, उजेडाशिवाय रंग काय डोळे मिटून जुळवू?" रंग जुळवणाऱ्या बाईंनी पडदा खसकन बाजूला सारला. टेबलाशी बसलेल्या शिकाऊ मुलीने दोन्ही तळव्यांनी डोळे झाकले.

"बाई, नको ना. टोचतोय उजेड."

एकोणीस वर्षांची, कापडाच्या रंगखान्यातली सगळ्यात तोंडाळ पोरगी. आज मात्र सकाळीच ओकली होती, आणि पाय ठणकतायत म्हणून खुर्ची सोडत नव्हती. बाईंचा पारा चढलेलाच होता. दुपारपर्यंत निळ्याचे चार नमुने द्यायचे होते आणि एकही जुळला नव्हता.

तिला उठवायला त्यांनी मनगट धरलं आणि त्या थबकल्या. कपाळाला हात लावून पाहिला. कपाळ तापलेलं, बोटं मात्र थंडगार. बाही वर सरकली. हाताच्या आतल्या बाजूला जांभळे ठिपके.

"रंग उडालाय," दारातून फोरमन म्हणाला. "हातमोजे घालायला नकोत कार्टीला. साबण लाव गं."

"लावला," मुलगी पुटपुटली. "दोनदा. जात नाही."

बाई ठिपक्यांवर वाकल्या. बावीस वर्षं त्यांनी जांभळ्याच्या छटा निवडण्यात घालवली होती.

"हा आपला नाही."

नमुन्यावर ठेवायची काच त्यांनी हातावर टेकवून दाबली. भोवतालची कातडी फिकी पडली. ठिपके होते तसेच राहिले. रक्त कातडीखाली सांडलं होतं.

"गाडी काढा. इस्पितळात न्यायचंय."

"अहो बाई, ताप आहे. गोळी देऊ, संध्याकाळी बघू कसं काय ते..."

बाई त्याच्याजवळ गेल्या, आवाज खाली आणला. "मेंदूज्वराचं विष रक्तात उतरलं असेल तर पोरगी संध्याकाळ बघायची नाही. गोळी तुम्हीच घ्या. आणि गाडी काढा!"

फाटकावर रखवालदाराने गाडी अडवली आणि वही उघडली. कामाच्या वेळात बाहेर जायचं तर नोंद हवी.

"परत कधी येणार? कारण काय लिहू?"

बाईंनी मुलीचा हात अलगद खिडकीबाहेर धरला.

"मोजा. खोलीतून निघताना सात होते."

तो मोजू लागला. अकरावर त्याचे ओठ थांबले. वही तशीच गाडीवर टाकून तो फाटक उघडायला धावला.