मोकळं कुरण

"आता कोणी बोलाचं नाही बरं," लहानूबाबांनी पाहुण्यांना बजावलं. पुढे रानगवे निवांत चरत होते.

हे कुरण गावानं रानातल्या जनावरांसाठी सोडलं होतं. गुरं विकली आणि पाहुण्यांना पायी जंगल दाखवून गाव पोट भरू लागलं. गुराखी लहानूबाबा वाटाडे झाले. जन्मभर हाका घालणाऱ्या माणसाला गप्प चालायचा पगार मिळू लागला.

दिवस कलला. पाहुण्यांना गावात न्यायला गाडी आली. "बाबा, गाडीत चला ना," पाहुणी म्हणाली.

"तुमी व्हा समोर, बाई."

गाडी गेल्यावर त्यांनी तोंडाशी हात धरून विकलेल्या गाईच्या नावानं हाक दिली, "ए कपिलेऽऽ, चल घरी!" गव्यांनी माना वर केल्या, पण एकही हलला नाही.

अंधार पडेपर्यंत बाबा तिथंच बसून राहिले. गुरांवाचून गुराख्यानं उजेडात गावात शिरायचं तरी कोणत्या तोंडानं?