फुटलेले दिवे

"अहो, आधी आपली तार जोडा," बायको खांबाखाली उभी राहून ओरडली.

खांबावर तिचा नवराच होता, गावच्या वीज संस्थेचा वायरमन. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही.

"बाजूला हो. पक्कड सुटली तर डोक्यात बसेल."

"बसू दे. तिकडे अंडी गार पडताहेत."

"नियम आहे," तो म्हणाला आणि पुढच्या खांबाकडे निघाला.

वादळ दुपारी येऊन गेलं होतं. एका दोरीवरची चादर तिसऱ्या गल्लीत सापडली आणि तीही नीट घडी घातलेली, असं शपथेवर सांगणारे लोक आहेत. वीज संस्था गावाच्या मालकीची. खांब लोकांनीच खांद्यावरून आणून पुरलेले. त्यामुळे वारा पडला तशा शिड्या निघाल्या. आधी दवाखाना, मग पाण्याचा पंप, मग एकेक गल्ली. दिवेलागणीला बहुतेक घरांत पांढरे दिवे लागलेसुद्धा, टोकाच्या दोन गल्ल्या तेवढ्या बाकी होत्या. जोडून झालेल्या गल्ल्यांत अंधारात राहिलं एकच घर, वायरमनचं. संस्थेच्या माणसाच्या घरची तार सगळ्यांत शेवटी जोडायची, असा तो नियम.

आणि त्याच घराच्या मागच्या खोलीत अंडी उबवायचं यंत्र होतं, कपाटाएवढं, जागचं न हलणारं. बायकोची ही पहिलीच खेप. एक-दोन अंड्यांना आतून चोची लागायला सुरुवात झाली होती. गोधड्या पांघरून झाल्या. शेगडी लावावी तर निम्मी अंडी उकडतील आणि निम्मी गारठतील. खेप गेली तर यंत्रही जाणार, हे सासूबाईंनी ते घरात आलं त्याच दिवशी सांगून ठेवलं होतं.

ती तरातरा संस्थेच्या कचेरीत गेली. दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. कारकून चहा पीत होता.

"हा नियम कुठल्या शहाण्याने केला?"

कारकुनाने कप खाली ठेवला. "तुम्हीच केलात, वहिनी. भर सभेत उभं राहून. आम्ही नुसत्या टाळ्या वाजवल्या."

हे खरं होतं. तेव्हाचा वायरमन आधी स्वतःच्या घरात उजेड पाडायचा. तेव्हाचा वायरमन तिचा नवरा नव्हता.

"मग अंडी शेजारीपाजारी नेऊन ठेवा की," कारकून म्हणाला. "दिवे काय, सगळ्यांकडे आहेत."

"पांढऱ्या दिव्याखाली? त्याच्यापेक्षा तुमचा चहा गरम असेल. जुना पिवळा दिवा असता तर..."

ती बोलता बोलता थांबली. कारकून कपात बघू लागला. तेही तिचंच काम होतं. संस्थेने वीज वाचवायला घरोघरी पांढरे दिवे फुकट वाटले होते आणि बदल्यात पिवळे परत मागितले होते. ते गोळा करायला टोपली घेऊन दारोदार हिंडली ती हीच. पांढरे सगळ्यांनी घेतले. पिवळा मागितला की प्रत्येकाचा फुटलेला. शिंपीणकाकूंचा हातातून निसटला. मास्तरांचा मांजराने पाडला. एकाचा तर म्हणे दुकानातून आणायच्या आधीच फुटला होता. टोपलीचा तळसुद्धा झाकला गेला नाही. पुढच्या सभेत तिने अख्ख्या गावाला तोंडावर खोटारडं म्हटलं. तेव्हापासून तिच्याशी लोक कामापुरतं बोलत.

"माझ्या हाताने मी माझं वाटोळं केलं," ती आता कारकुनावर ओरडली, जणू वाटोळं त्यानेच केलं होतं. "या गावात अंडं उबवील असा एक दिवा राहू दिला नाही मी."

तिचा आवाज असा की वादळानंतर नुकते झाडावर परतलेले कावळे पुन्हा उडाले. खिडकीबाहेर दोघंतिघं थबकले होते. त्यांनी ऐकलं आणि आपापल्या वाटेने गेले. एकाने तरी थांबून विचारावं. नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे शेकायच्या रबरी पिशव्या होत्या. पाणी तापेपर्यंत ती तिथे दात-ओठ खात बसली. मग दोन पिशव्या उराशी धरून घराकडे निघाली. दोन पिशव्या आणि यंत्रभर अंडी. तिला स्वतःचाच राग येत होता, आणि तो पुरेना म्हणून गावाचाही.

गल्लीत शिरली तर पांढरे दिवे विझलेले. खिडक्यांची वरची बाजू काळी. उजेड होता तो खालून, जमिनीलगत, दाराच्या फटीतून येणारा. हिचा नवरा अजून खांबावर लोंबकळतोय आणि हे लोक वीज आली तरी दिवे मालवून बसलेत. मास्तरांच्या दारासमोर तिला वाटलं, जाऊन कडी वाजवावी आणि चांगलं सुनवावं. मग तिला आठवलं, मास्तरांकडे मांजर कधी नव्हतंच.

घरी यंत्राचं दार उघडं होतं. आतले ट्रे रिकामे. गोधड्याही नव्हत्या. सासूबाई अंधारात पाटावर बसल्या होत्या.

"अंडी कुठायत?"

"नेली."

"कुणी?"

"रांग लागली होती. कुणी टोपली आणली, कुणी बुटांचं खोकं. शिंपीण कापसाची गादी शिवून घेऊन आली. म्हणाली, तिला सांगू नका, ओरडेल."

बायको खिडकीशी गेली. समोरच्या घरात टेबलाखाली दिवा टांगला होता. त्याच्या खाली खोकं, आणि खोक्याभोवती अख्खं घर ओणवं बसलेलं. पलीकडच्या घरात तसंच. त्याच्याही पलीकडे तसंच. गल्लीभर खालून पिवळा उजेड पसरला होता.

तिच्या हातातल्या पिशव्या अजून गरम होत्या. त्या कुठे ठेवाव्यात हे तिला कळेना.

सासूबाईंनी पदराखालून काहीतरी काढलं, फुंकर मारून धूळ उडवली, पदराने पुसलं आणि तिच्यापुढे धरलं.

"आपली तार जोडली की हा लाव. हाही फुटलाच होता."