कपाटाची मापं

वाशिंग्टनने फाटकापाशी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या गावात अनोळखी माणूस तसंच बोलावतो. सख्ख्या भावाच्या दारात मात्र कोणी टाळ्या वाजवत नाही, सरळ आत जातो.

मिर्था हात पुसत बाहेर आली आणि थबकली. मग आत वळून ओरडली, "लुकड्या, बाहेर ये! तुझा भाऊ आलाय!"

नेल्सन आला. त्याचं वजन आता शंभर किलोच्या घरात होतं, पण बायको लग्नाआधीपासून त्याला लुकड्या म्हणायची, ते तसंच राहिलं होतं. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात 'माते' हा कडू चहा प्यायचा भोपळा. दोघं सात वर्षं बोललेच नव्हते. त्यांचा सुतार बाप, म्हातारा, गेल्यावर वाटणी झाली, तेव्हा हत्यारं थोरल्या वाशिंग्टनला गेली आणि फर्निचर धाकट्या नेल्सनला. हत्यारांचं कपाट फर्निचरमध्ये धरलं गेलं.

"कपाट विकत घ्यायला आलोय," वाशिंग्टन म्हणाला.

"कशाला?"

"कारखान्यातून रिटायर झालो. घरामागे शेड घातलीय, थोडी सुतारकी करतो. हत्यारं संत्र्यांच्या खोक्यांत पडलीयत. दोन कपाटं करून बघितली. एकात रंधे मावत नाहीत, दुसऱ्यात पटाश्या एकमेकींवर घासून धार जाते."

"विकायचं नाहीये."

"मग मापं तरी घेऊ दे. तसंच बनवतो."

नेल्सनने बाजूला होऊन वाट दिली.

कपाट मागच्या खोलीत भिंतीवर होतं. वाशिंग्टनने दोन्ही दारं उघडली. फळ्यांमध्ये म्हाताऱ्याने प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा कोरलेला होता. करवतीचा लांबोडा, गुण्याचा काटकोनी, पटाश्यांचे ओळीने सात. सगळे रिकामे. कपाटात स्क्रूची एक डबीसुद्धा ठेवलेली नव्हती. पण धूळही नव्हती.

"सात वर्षं मागतेय मी हे कपाट," मिर्था दारातून म्हणाली, "मुरांब्याच्या बरण्या ठेवायला. तर हा म्हणतो, त्यात जागा नाही! आता तूच बघ वाशिंग्टन, आहे का नाही जागा?"

ती मान उडवून चुलीकडे गेली.

वाशिंग्टनने टेप काढली. दुसरं टोक धरायला माणूस हवा होता. नेल्सनने भोपळा खिडकीत ठेवला आणि टोक धरलं. वाशिंग्टन आकडे एका लिफाफ्याच्या पाठीवर लिहीत गेला. पटाश्यांच्या ओळीशी तो अडला.

"हे दोन्ही खळगे सारखेच दिसतात."

"डावीकडची घासून आखूड झालेली. पिवळ्या मुठीची," नेल्सन म्हणाला. "उजवीकडची नवी. तिला म्हातारा कोणाला हात लावू द्यायचा नाही."

"आणि हा गोल?"

"तेलाची डबी. तोटी भिंतीकडे करून ठेवायची, नाहीतर खालच्या करवतीवर ठिबकते."

वाशिंग्टनने टेप खाली केली. "तुला कसं ठाऊक? तू तर कधी..."

"खिळासुद्धा ठोकला नाही," नेल्सनने वाक्य पुरं केलं. "वाटणीच्या वेळी नोटरीसमोर हेच म्हणाला होतास. याला हत्यारं कशाला, याने आयुष्यात खिळा ठोकला नाही."

"खोटं नव्हतं ते."

"नव्हतंच. ठोकायचात तुम्ही दोघं. दिवस मावळला की हात धुऊन सूप प्यायला बसायचात." नेल्सनचा आवाज चढला नव्हता. "मागे हत्यारं कोण पुसायचं? जागच्या जागी कोण लावायचं?"

वाशिंग्टनला साबणाचा वास आठवला, सुपाची वाफ आठवली. सकाळी कपाट उघडलं की चकचकीत, रांगेत लागलेली हत्यारं आठवली. ती तशी कशी लागतात, असा प्रश्न त्याला बापाच्या हाताखालच्या बारा वर्षांत एकदाही पडला नव्हता. त्या वेळी नेल्सन कुठे असायचा, तेही आठवेना.

उरलेली मापं त्याने घेतली. लिफाफा घडी करून खिशात ठेवला.

"जमेल तुला बनवायला?" नेल्सनने विचारलं.

वाशिंग्टनने खळग्यांवरून अंगठा फिरवला.

"नाही."

"मग हेच ने."

"किती देऊ?"

"काही नको. संध्याकाळी येत जाईन."

"कशाला?"

"हत्यारं लावायला," नेल्सन म्हणाला, आणि आत तोंड करून ओरडला, "मिर्था, आपला पेचकस कुठे असतो गं?"

पेचकस मिर्थाने चमच्यांच्या खणातून काढून दिला. नेल्सन स्टुलावर चढला. पहिला स्क्रू जागचा हलेना.

"उलटा फिरवतोयस. दे इकडे," वाशिंग्टन म्हणाला.

"तू खालून धर. पडेल."

वाशिंग्टनने दोन्ही हात वर करून कपाटाचा भार घेतला. स्क्रू आठ होते. धाकट्याला एकेका स्क्रूसाठी पाच-पाच मिनिटं लागत होती. पेचकस निसटत होता, तो पुन्हा खाचेत बसवत होता. तिसऱ्या स्क्रूपर्यंत वाशिंग्टनचे दंड थरथरायला लागले.

तो घाई कर म्हणाला नाही.