आरशातला शेवटचा चेहरा

गेल्या महिन्यात तापाने गेलेल्या लेकीचा छोटा आरसा रत्नमालाने प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवला. आरशावर प्रकाश पडला की त्याच्या अणूंतून इलेक्ट्रॉन निघतात आणि कोणता किती उशिरा निघाला यावरून आरशात शेवटचा पाहिलेला चेहरा पुन्हा जुळवता येतो, हे तिने कालच पेपरात वाचलं होतं.

यंत्राच्या पडद्यावर चेहरा काही उमटेना. नुसती एक पिवळी ज्योत थरथरत राहिली.

“मावशी, आरसा अंधारात ठेवला होता ना?” यंत्र चालवणाऱ्या मुलीने हळूच विचारलं. “नंतरचा उजेड आधीचं सगळं पुसून टाकतो.”

रत्नमाला त्या ज्योतीकडे बघत राहिली.

“पोर अंधाराला फार भ्यायची गं. तेराव्यापर्यंत तिच्या आरशासमोरचा दिवा मी एकदाही विझू दिला नाही.”